बेटावरची आमरी आणि सादड्यावरची आमरी

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या नर्सरीत फॅलेनॉप्सिस ऑर्किड ढिगाने मिळतात, लग्नाच्या स्टेजसाठी जांभळी डेंड्रोबियम ऑर्किड खोक्यांनी उतरतात, मग उष्ण कटिबंधातल्या बेटांवरचे ऑर्किड संपत चालले आहेत अशी ओरड का? मुळात बेटांवर त्यांच्या इतक्या तऱ्हा झाल्या कशा? आणि हरसूलकडे पावसाळ्यात पडलेल्या फांदीवरची आमरी (ऑर्किडलाच मराठीत आमरी म्हणतात) घरी आणून कुंडीत लावली तर ते संवर्धन म्हणायचं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही. ते का नाही, हे समजायला मात्र बेटांवर एक चक्कर मारावी लागेल, कारण आमरीचं खरं दुखणं तिथे उघडं पडतं.

बियांपासून सुरुवात करू. आपल्याकडे आंब्यावर, उंबरावर सर्रास दिसणाऱ्या व्हँडा टेसेलाटाचं पिकलेलं बोंड मिळालं तर काळ्या कागदावर हलकेच उकलून बघा. पिवळसर भुकटी पडते आणि श्वास सोडला तरी उडते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली प्रत्येक कण म्हणजे जाळीदार पिशवी दिसते, आत मधोमध एक ठिपका. तो ठिपका म्हणजे गर्भ. पिशवीत बाकी काही नाही, हवाच. गव्हाच्या दाण्यात असतो तसा पिठाचा साठा नाही, डाळीची दलं नाहीत. एका बोंडात असे हजारो, काही जातींत लाखो कण असतात. इतकं हलकं बी वाऱ्यावर समुद्र ओलांडतं यात नवल नाही. १८८३ साली इंडोनेशियातल्या क्राकाताऊ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि बेटाचं जे काही उरलं ते राखेखाली गाडलं गेलं. पुढच्या पंधरा वर्षांच्या आत तिथे ऑर्किडची नोंद झाली होती.

मग कोणालाही वाटेल की जगातलं प्रत्येक बेट ऑर्किडने भरलेलं असणार. तसं नाही. हवाईत मूळची सपुष्प झाडं हजाराच्या घरात आहेत, आणि त्यांत ऑर्किड किती? तीन. जगात सपुष्प वनस्पतींचं जे सगळ्यात मोठ्या कुळांपैकी एक, ज्याच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत, ते कुळ हवाईत तीन जातींवर अडलं. तिथलं हवापाणी मानवत नाही असं कारण देता येत नाही, कारण माणसाने नेलेले बांबू ऑर्किड आणि स्पॅथोग्लॉटिस तिथे आता रानात मोकाट वाढतात.

अडतं ते सोबतीपाशी. बियांत अन्न नसल्यामुळे रुजताना आमरीला विशिष्ट बुरशी लागते. ती बुरशी गर्भात शिरते आणि गर्भ तिच्याकडून साखर घेतो. नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हे १८९९ साली लक्षात आलं, त्याआधी युरोपातले माळी बिया पेरून हात टेकत होते. बुरशी मिळाली, रोप वाढलं, फूल आलं, की दुसरी गरज उभी राहते: परागण करणारा कीटक किंवा पक्षी. ऑर्किडचा पराग सुटा नसतो, त्याच्या गोळ्या असतात, परागपुंज म्हणतात त्यांना. वाऱ्याने हे काम होत नाही. नेमक्या मापाचा प्राणी यावा, त्याच्या डोक्याला किंवा सोंडेला तो पुंज चिकटावा, आणि त्याने तो त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर नेऊन टेकवावा. बेटावर बी एकटंच येऊन पडतं. बुरशी बहुधा सापडते, निदान झाडावर वाढणाऱ्या जातींना. कीटक मात्र मागेच राहिलेला असतो.

बेटांवरच्या उत्क्रांतीची गोष्ट मला तरी इथून सुरू होते असं वाटतं. लोक नेहमी मादागास्करपासून सुरू करतात, कारण तिथला किस्सा झकास आहे: १८६२ साली डार्विनच्या हातात अँग्रेकम सेस्क्विपेडेल या ऑर्किडचं फूल आलं, मागे जवळजवळ फूटभर लांब मधुनळी, आणि मध फक्त तळाशी. एवढी सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे असं तो म्हणाला. लोक हसले. डार्विन १८८२ साली गेला, आणि १९०३ साली त्या पतंगाला शास्त्रीय नाव मिळालं. मादागास्कर हे मोठं आणि जुनं बेट. तिथे फूल आणि पतंग यांना एकमेकांना ओढत नेण्याइतका वेळ मिळाला. ऑर्किडच्या हजारभर जाती तिथे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

पण खरी गंमत पूर्वेला सातशे किलोमीटरवर, रियुनियनमध्ये आहे. हे बेट वीस-तीस लाख वर्षांचं, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबात कालपरवाचं. मादागास्करकडून अँग्रेकमच्या बिया उडत आल्या, रुजल्या, पांढरी फुलं उमलली. तिथे लांब सोंडेच्या पतंगांचा मात्र तुटवडा. मग काय झालं? दोन जातींनी, अँग्रेकम स्ट्रायेटम आणि ब्रॅक्टिओसम, पक्षी धरला. नळी आखूड झाली, तोंड रुंद झालं, रात्रीचा सुवास गेला, मध पातळ आणि भरपूर झाला. येणारा पक्षी कोण, तर आपल्या गंगापूर रोडच्या बागांत जास्वंदीवर टिवटिवत फिरणारा जो चष्मेवाला आहे ना, त्याचा तिथला भाऊबंद. तो चोच घालतो आणि पुंज चोचीवर घेऊन जातो.

तिसऱ्या जातीने, अँग्रेकम कॅडेटीने, तर कमाल केली. तिची फुलं रात्री कोण पाहून जातं हे कळायला अंधारात चित्रण करणारे कॅमेरे लावावे लागले, आणि दिसला तो रातकिड्याच्या जातीचा एक प्राणी. पानं कुरतडणारा म्हणून ज्याच्याकडे आपण बघतो, तो पानांवरून चढत फुलापर्यंत येतो, नळीच्या तोंडात डोकं घालतो आणि डोक्यावर पुंज घेऊन उतरतो. फुलाचं तोंड आणि त्याचं डोकं मापाला माप. २०१० साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा त्या कीटकाला नावही नव्हतं. आज त्याला ग्लोमेरेमस ऑर्किडोफिलस म्हणतात. नाकतोडे-रातकिड्यांच्या गटातल्या कोणी फुलाचं नियमित परागण केल्याची ही पहिलीच पक्की नोंद.

आणि ज्यांना ना पक्षी मिळाला ना किडा, त्यांनी तिसरी वाट धरली: आपलं आपण. रियुनियनच्या बऱ्याच ऑर्किडमध्ये परागपुंज स्वतःच्याच फुलाच्या कुक्षीवर उतरतो. बोंडं भरपूर धरतात, बेट भरून जातं. किंमत अशी की पुढची पिढी एकाच साच्यातली निघते. हवामान बदललं, नवी कीड आली, की तडजोडीला अंगात काही शिल्लक नसतं. याच बेटावर १८४१ साली एडमंड अल्बियस या गुलामीत असलेल्या बारा वर्षांच्या मुलाने बारीक काडी आणि अंगठा यांनी व्हॅनिलाचं परागण करायची सोपी रीत शोधली. व्हॅनिलाही ऑर्किडच, मेक्सिकोकडची, सोबत्यावाचून वांझ राहिलेली. आजही मादागास्करची व्हॅनिला माणसाच्या बोटांनीच फळते.

मोठ्या, डोंगराळ बेटांचं गणित निराळं. न्यू गिनीत ऑर्किडच्या २,८०० हून अधिक जाती नोंदल्या आहेत, बोर्निओतल्या एकट्या किनाबालू पर्वतावर कित्येक शे. तिथे प्रत्येक उंचीला वेगळं धुकं, वेगळी साल, वेगळ्या माश्या. दोन दऱ्यांमधली खिंडसुद्धा एखाद्या छोट्या माशीला समुद्राइतकीच अडवते. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता नर्सरीकडे येतो. तुमच्या खिडकीतली फॅलेनॉप्सिस बेटाचीच लेक आहे. तिच्या पूर्वजांपैकी मुख्य जाती फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या बेटांवरच्या. लग्नातल्या जांभळ्या डेंड्रोबियमचं मूळही तिमोर, तनिंबार आणि उत्तर ऑस्ट्रेलियाकडचं. पण दुकानातलं रोप म्हणजे कित्येक पिढ्यांचा संकर, आणि बहुतेक वेळा बाटलीत ऊतीपासून वाढवलेल्या, एकाच रोपाच्या हजारो प्रतींपैकी एक. द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही: सगळी बाग एकाच वेलीच्या काड्यांची असेल तर केवडा रोग आला की अख्ख्या बागेवर येतो, आणि म्हणून फवारणी थांबवता येत नाही. बाटलीतली लाखो रोपं ही जंगलातल्या दोनशे वेगवेगळ्या रोपांची भरपाई होऊ शकत नाहीत. शिवाय त्या रोपांसोबत बुरशी येत नाही. १९२२ साली लुईस नडसनने साखरेच्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, आणि आजचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. उत्तम शोध, माझं स्वतःचं काम त्यावरच चालतं. पण जंगलात परत लावायला तेवढं पुरत नाही.

दुसरी बाजू चोरीची. किनाबालूवरच्या पॅफिओपेडिलम रॉथ्सचाइल्डियानम या ऑर्किडची गोष्ट घ्या. १८८८ साली तिला नाव मिळालं, आणि प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून व्यापाऱ्यांनी ठिकाण न्यू गिनी सांगितलं. शास्त्रज्ञांना ती जंगलात पुन्हा सापडायला १९५९ उजाडलं. आज तिच्या मोजक्याच जागा उरल्या आहेत आणि तिथूनही रोपं उपटली गेली आहेत. आता उलट चित्र बघा. २०२४ साली मादागास्करमधून सोलेनँजिस इंप्रेडिक्टा नावाची ऑर्किडची नवी जात जाहीर झाली, दोन सेंटिमीटरचं फूल आणि तेहतीस सेंटिमीटरची नळी. शोधणाऱ्यांनी नेमकी जागा मुद्दाम छापली नाही. पूर्वी व्यापारी नफ्यासाठी जागा लपवत, आता अभ्यासक चोरांच्या भीतीने लपवतात. तुम्ही डोंगरात काही वेगळं पाहिलं तर फोटो टाका, पण मोबाइलने चिकटवलेलं ठिकाण काढून टाका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

सायटीस, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार. या करारात ऑर्किडचं अख्खं कुळच नियंत्रित व्यापाराच्या यादीत आहे. पॅफिओपेडिलमसारख्या काही गटांच्या जंगली रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार तर बंदच. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही निळा व्हँडा, तांबडा व्हँडा आणि पॅफिओपेडिलम यांना संरक्षण आहे. सह्याद्रीतल्या नेहमीच्या आमऱ्या त्या यादीत नाहीत, पण म्हणून त्या फुकटच्या नाहीत: वनजमिनीवरून परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हाच आहे.

तिसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. नाशिकच्या नर्सरीत ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणून जांभळ्या फुलांचं, घडीघडीच्या पानांचं रोप मिळतं. ते म्हणजे वर उल्लेख आलेलं स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा. कुंडीत गुणी आहे, माझ्याकडेही आहे. हेच रोप कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर बागांमधून सुटलं आणि रानात पसरलं. तिथे एक छोटा सोंडकिडा आहे, तो ऑर्किडच्या फुलांवर जगतो. परक्या रोपाने त्याला बारमाही जेवण मिळालं, त्याची संख्या वाढली, आणि शेजारी उगवणाऱ्या ब्लेशिया पॅट्युला या तिथल्या मूळच्या आमरीची फुलं तो जास्त खाऊ लागला. परक्या रोपाने जागा घेतली नाही, पाणी घेतलं नाही, फक्त शेजाऱ्याच्या शत्रूला पोसलं. ‘आम्ही त्र्यंबकच्या डोंगरावर ऑर्किड लावतो’ असं म्हणत नर्सरीतली रोपं घेऊन निघणाऱ्या उत्साही मंडळींना मी म्हणूनच अडवतो. हेतू चांगला असतो, मान्य. पण वृक्षारोपणाच्या हौसेला इथे आवर घालायलाच हवा.

चांगलं उदाहरणही आहे. सिंगापूरच्या मूळ ऑर्किडपैकी बहुतेक जंगलतोडीत गेले. तिथल्या वनस्पती उद्यानाने उरलेल्या जातींचं बी गोळा करून प्रयोगशाळेत रोपं केली आणि ती रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर बसवली. त्यात ग्रॅमॅटोफायलम स्पेसिओसमही आहे, जगातलं सगळ्यात मोठं ऑर्किड. रोपं जगली, फुललीही. मला त्यात पटतं ते हे, की त्यांनी तिथल्याच जाती घेतल्या आणि जुनी, खरखरीत सालीची झाडं राखली. आपोआप बोंडं धरून पुढची रोपं स्वतःहून येतील तेव्हा ते काम पुरं झालं म्हणायचं, फुलं आली तेव्हा नाही.

आता आपल्या डोंगरांकडे. अंजनेरी, ब्रह्मगिरी, बागलाणातला साल्हेर, हे माथे चहूबाजूंनी शेतीने वेढलेले आहेत. अंजनेरीच्या नावाचं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, जगापुढे आलं ते याच डोंगरावरून. त्या अर्थाने हे माथे बेटंच. आमरीच्या बाबतीत मात्र हात राखून बोलावं लागतं. बी धुळीसारखं उडतं, म्हणून अशी एका डोंगरापुरती जात तिच्यात सहसा तयार होत नाही. मे-जूनमध्ये गुलाबी ठिपक्यांच्या घोसांनी लगडणारी एरिडिस मॅक्युलोसा भारताबाहेर नाही हे खरं, पण भारतात ती बऱ्याच दूरवर पसरली आहे. पहिल्या पावसानंतर गवतातून वर येणारी आषाढ आमरीही अशीच. आपले डोंगर बियांच्या हिशेबाने बेटं नाहीत. सोबत्यांच्या हिशेबाने मात्र दिवसेंदिवस होत चालले आहेत.

उदाहरणार्थ हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा ही आमरी. पांढरं फूल, मागे बोटाहून लांब मधुनळी. रंग आणि नळी दोन्ही पाहिले की हे फूल कोणाची वाट बघतंय ते कळतं: हॉकमॉथ पतंगाची. डार्विनचा किस्सा पाहायला मादागास्करला जायला नको. आता तिच्या पठाराखाली रिसॉर्टचे फ्लडलाइट रात्रभर जळतात आणि पतंग दिव्यांभोवती घिरट्या घालत राहतात. फूल उमलतं आणि बोंड न धरताच सुकतं. कंद काही वर्षं तग धरतो, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं.

झाडावरच्या आमरीचं सगळं भवितव्य झाडाच्या वयावर आहे. पेठ-सुरगाण्याकडे सादडा, म्हणजे ऐन, आमरीला सगळ्यात मानवतो. साल खोल भेगांची, भेगांत ओल आणि बुरशी. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, सादड्याच्या फांद्या तोडतात म्हणून आदिवासी शेतकऱ्यांना दोष द्यायची फॅशन आहे. माझं मत वेगळं. राबाला कोवळ्या फांद्या जातात, खोड आणि जुने बेचके शिल्लक राहतात, आणि आमरी बहुधा तिथेच असते. रस्ता रुंद करताना शंभर वर्षांचा वड किंवा आंबा मुळासकट जातो, तेव्हा वरची सगळी वसाहत एका दुपारी जाते. त्या बदल्यात लावलेली दहा रोपं आमरी धरण्याजोगी व्हायला एक पिढी जाते. वणवाही वाईट. जमिनीतल्या कंदांना उन्हाळ्यात तो फारसा बाधत नाही, कारण ते तेव्हा झोपलेले असतात, पण खालच्या फांद्यांवरच्या आमऱ्या होरपळतात. कंदांचा वेगळा शत्रू बाजारात आहे. काष्ठौषधीच्या दुकानात सालममिश्री म्हणून मिळणारे कंद ऑर्किडचेच असतात, आणि अमरकंद म्हणून युलोफिया या आमरीचे कंदही रानातून खणले जातात. कंद खणला की रोप संपलं.

राहिली तुमची हरसूलची फांदी. ती घरी आणली तर आमरी जगेल, कदाचित चांगली फुलेलही. आपल्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात रोज फवारा मारलात तर नक्की. पण शहराच्या बाल्कनीत तिला जोडीदार नाही, कीटक नाही, आणि एखादं बोंड धरलंच तरी बी रुजायला तशी साल नाही. जंगलाच्या हिशेबात ती त्या दिवशीच वजा झाली. म्हणून फांदी दिसली तर तिथल्या तिथे सोय लावा. शेताच्या बांधावरची असेल तर मालकाला विचारा, वनजमीन असेल तर वनरक्षकाला. फांदी ज्या झाडाची, त्याच जातीचं उभं झाड शोधा, नसेल तर खरखरीत सालीचं कोणतंही स्थानिक. गुळगुळीत सालीचं किंवा साल सोडणारं नको, निलगिरी तर नकोच. आमरी सालीच्या तुकड्यासकट काढा, मुळं ओढू नका. जुन्या फांदीवर ती ज्या बाजूला होती, साधारण तेवढाच उजेड मिळेल असा बेचका निवडा, आणि मुळं सालीला टेकतील अशी सुतळीने दोन ठिकाणी आवळा. नायलॉन नको, ते वर्षानुवर्षं कुजत नाही आणि खोडात रुततं. शेवाळ, नारळाच्या शेंड्या, खत काहीही घालू नका, पाणी साचून मुळं कुजतात. हे सगळं जून-जुलैत झालं पाहिजे, म्हणजे पावसाचे तीन महिने मुळांना धरायला मिळतात. दिवाळीपर्यंत नव्या मुळांची हिरवी टोकं सालीवर चिकटलेली दिसली तर सुतळी आपोआप कुजू द्या, कापायला पुन्हा जायचीही गरज नाही.